दोन बोटं

– नाही पाहुणे, ही निळी सोडून बोला. बसलात तर बसा, किल्लीही राहू द्या हातात, पण ही छोटी गाडी विकायची नाही. पिकअप बघा ना. ही पांढरी – मागचा हौदा एवढा लांब की दोन गाई पाय पसरून निजतील. काय म्हणालात, गाई नाहीत? अहो, या गावात तरी कोणाकडे उरल्यात – अठ्ठावीस वर्षं हा वर्लिन इथं गाड्या विकतोय, शंभरातल्या पाचांना खरी गरज. बाकीच्यांचे हौदे तपासा, एक ओरखडा सापडला तर माझी टोपी तुमची. आमचे दातांचे डॉक्टर सहा चाकांची घेऊन गेले. ओढायचं काय, तर दाढा.

मग घेतात कशाला? त्याचं असं आहे – समोरून पिकअप आली की स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलायची, टेक्सासच्या या कोपऱ्यात तोच नमस्कार. गेल्या मार्चमध्ये ही निळी घेऊन पोस्टापर्यंत गेलो – फक्त पोस्टापर्यंत – सात पिकअप आल्या समोरून, सातही मीच विकलेल्या, कोणी बोट हलवलं नाही. डेल्बर्टनं तर ओळखलं मला, माझ्या लग्नात शेजारी उभा होता तो – ओळखलं आणि मान फिरवली. दुपारी कॅफेत चर्चा, की वर्लिन स्वतः छोटीत फिरतो, मग आपल्या गळ्यात ही धुडं कशाला मारली? दोन आठवडे इकडे कुत्रं फिरकलं नाही. तेव्हा मागे आणून लावली ती लावलीच.

घेतली कोणासाठी? ऑर्लीनसाठी, बायकोसाठी. खुबा बदलल्यापासून तिला पिकअपमध्ये चढता येत नाही. पायरी लावली, दांडी लावली, एकदा उचलून बसवलं – चर्चच्या दारात, सगळ्यांदेखत, चाऱ्याचं पोतं चढवावं तसं. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "यापुढे तू जा, वर्लिन. सॅलड देत जाईन." तेव्हापासून दर रविवारी चर्चला, तिथल्या एकत्र जेवणाला, एवढ्या धुडातून जातं कोण – मी आणि बटाट्याच्या सॅलडचं भांडं. शेजारच्या सीटवर ठेवतो, पट्टा लावतो त्याला. लोक विचारतात, ऑर्लीन कशी आहे, मी सांगतो, सॅलड झकास झालंय. आठ महिने झाले. ती खिडकीत बसून असते. या गाडीचं तिला बोललोच नाही – बोललो तर विचारेल ना, मग घरी का आणत नाहीस.

तसं बघू नका. किल्ली माझ्यापुढे काय धरता – तुम्हाला सोपं आहे, तुम्ही परगावचे, आज इथं तर उद्या –

थांबा. डेल्बर्टची पिकअप येतेय. उतरा पाहुणे, उतरा आधी त्यातून – दार हळू लावा – या पांढरीपाशी या, हौद्यावर हात ठेवा. किल्ली खिशात टाका, दिसेल. तुम्ही हीच बघायला आलात, कळलं ना? हीच.

हं. बघितलंत? उचलली त्यानं बोटं.