बाबांच्या अंगरख्यातली तिबो

कुलिगा : ...पण मी वाकू कुणापुढे? बाबांपुढे की तुझ्यापुढे?

तिबो : आधी कोपरं टेक जमिनीला. कारभारी बघतोय.

कुलिगा : टेकली. आक्का, बाबांची टोपी तुझ्या नाकावर आलीय.

तिबो : आक्का म्हणू नकोस. नवा राजा बसेपर्यंत थोरली लेक म्हणजेच राजा. काल आईसुद्धा मला धनी म्हणाली. हसू की रडू, तेच कळेना.

कारभारी : धनी, बाहेर म्हातारी मंडळी अडून बसलीत. निम्म्यांना आपले कुलिगा हवेत, निम्म्यांना चुलत्यांचे साम्बो. शेवटी म्हणाले, राजालाच विचारून ये.

तिबो : कुठल्या राजाला? बाबा तर गेले.

कारभारी : गेले कसे? समोर बसलेत की!

कुलिगा : साम्बो म्हणून सांग, आक्का.

तिबो : वेडा का खुळा? लहानपणापासून बाबांच्या घोड्यावर डोळा तुझा.

कुलिगा : अजून आहे गं. पण मी राजा झालो की जन्मात तुझं तोंड बघायचं नाही. हा कसला नियम?

कारभारी : मोसी मुलखात असंच चालत आलंय. दोन राजे समोरासमोर नकोत. तुम्ही बसलात की या दुसऱ्या गावी जाणार.

तिबो : आणि साम्बो बसला तर?

कारभारी : हरलेल्यालाही इथे थारा नाही. मग भावाला घेऊन जा, दोघं मिळून बाजरी पेरा.

तिबो : दोघं...

कुलिगा : बघ! हो म्हण ना.

तिबो : थांब रे. कानात कुणीतरी बोलतंय. बाबा बोलतायत की मीच, समजत नाही. साम्बो माणूस कसा आहे, कारभारी?

कारभारी : दुष्काळात त्यांनी विहिरीवर पहारा बसवून लोकांचं पाणी तोडलं, धनी.

तिबो : आणि यानं?

कारभारी : पहारा उठवला. त्यासाठी तुमचा... म्हणजे बाबांचा मारही खाल्ला.

कुलिगा : ते कशाला आता?

तिबो : मान वर कर, कुलिगा. नीट बघ माझ्याकडे.

कुलिगा : राजाकडे बघू नये ना?

तिबो : आज बघ. कारभारी, कुलिगा म्हणून सांग त्यांना.

कुलिगा : आक्का, नको गं!

कारभारी : निघतो, धनी.

तिबो : कारभारीकाका... गुडघे दुखतात ना तुमचे? सावकाश चाला, तोवर याला बघून घेते.