पंचनाम्यात नसलेली बाई

सन्माननीय अध्यक्ष, विभागीय वनाधिकारी साहेब. आपले परिक्षेत्र अधिकारी साहेब. कामं टाकून आलेल्या सरपंच नीलाबाई. आणि समोर बसलेल्या माझ्या अकरा वनरक्षक बहिणींनो,

राखायला दिलेल्या जंगलातली, आपापल्या बीटातली एकेक पायवाट तुम्हाला पाठ आहे. आणि गेल्या आठवड्यात साहेबांच्या कार्यालयातून आलेलं पत्र सांगतं की, तुम्ही तिथे नव्हतातच.

आज आपण सत्यशीलाला निरोप देतो आहोत. ती निवृत्त होत नाही, तिला बढतीही मिळालेली नाही. महिलांना जंगलातून काढून कार्यालयात आणि रोपवाटिकेत बसवायचं ठरतं आहे, त्यात पहिली ती. तुम्हा अकरा जणींच्या आदेशावर सोमवारी सही व्हायची आहे. शाल मात्र सुंदर निवडली आहे हो. जंगलात तिचा काही उपयोग नव्हता, पंख्याखाली होईल.

कारण काय दिलं आहे? तीन वर्षांतल्या वाघाच्या हल्ल्यांच्या एकाही पंचनाम्यात महिला वनरक्षक हजर असल्याची नोंद नाही. साहेब, चहा घ्या, मला जरा वेळ लागेल.

मागच्या मोहफुलांच्या दिवसांत नीलाबाईंच्या गावात मुखरूभाऊंची बायको पहाटे फुलं वेचायला गेली आणि वाघाने तिला मारलं. आपलं पथक पोहोचलं तेव्हा दोनशे माणसं काठ्या घेऊन उभी होती. प्रेत उचलू देईनात. आपले वनपाल जीपमधून उतरले नाहीत. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. त्या गर्दीत कोणीही घाबरलं असतं. मीसुद्धा दाराच्या कडीला हात लावून बसून राहिले होते.

सत्यशीला उतरली. चालत गेली आणि प्रेताशेजारी जमिनीवर बसली. मुखरूचा भाऊ लच्छू काठी उगारून तिच्यासमोर आला. म्हणाला, "तुमच्या वाघाले सांभाळा ना बाई. आमच्या बायकाईले काऊन खाऊन राह्यला तो?"

तिने मान वर केली. "मारायचं असन तं मार भाऊ. पण पहिले वहिनीले झाकू दे. माश्या बसून राह्यल्या."

लच्छूने काठी टाकली, खांद्यावरचा दुपट्टा काढून दिला आणि तिथेच बसून रडायला लागला. मग गर्दीने वाट दिली.

त्यानंतर जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा कोणी लिहिला? सत्यशीलानेच. आपल्या खात्यात बाईचं अक्षर चांगलं असतं, म्हणून कागद तिच्याकडेच येतो ना? तिने पाच नावं लिहिली. जीपमधल्या पुरुषांची लिहिली, पंचांची लिहिली. माझं मीच नको म्हटलं. स्वतःचं तिने लिहिलं नाही.

पत्र आल्यावर मी तिच्यावर चिडले, काऊन नाही लिहिलं म्हणून. ती शांतपणे म्हणाली, "संघप्रियाताई, तुम्हीच तं शिकवलं. लिहिणाऱ्यानं आपलं नाव घालू नाई, बरं दिसत नाई."

खरं आहे. एकोणीस वर्षं मी प्रत्येक नव्या मुलीला हेच शिकवलं. मला ते चांगले संस्कार वाटत होते. पत्र ज्या नोंदींवर उभं आहे, त्या आपणच लिहिल्या आहेत, बहिणींनो, आपल्याच वळणदार अक्षरात. नुसतं साहेबांवर कशाला रागवायचं? त्यांच्यासमोर जो कागद आला, तो त्यांनी वाचला.

साहेब, आज दुसरा कागद आला आहे. नीलाबाईंनी ग्रामपंचायतीच्या शिक्क्यासह जबाब आणला आहे. मघाशी त्या मला म्हणाल्या, "आमच्या गावाले त्या दिवशी एकच फॉरेस्टवाली दिसली. कागदावर कोन हाय ते आमाले काय मालूम?" त्या जबाबाखाली लच्छूभाऊंचा अंगठा आहे.

एवढं ऐकून घेतलंत, त्याबद्दल व्यासपीठाचे आभार. नीलाबाई, तीन वाहनं बदलून आलात, तुमचे उपकार विसरणार नाही. बोलताना जीभ कुठे जास्त चालली असेल तर वयाने मोठ्यांनी रागवावं, मी ऐकून घेईन. सत्यशीला, तुझी माफी मात्र मी सर्वांसमोर मागते.

आता माझ्या अकरा जणींनो, जेवणाच्या रांगेत उभं राहू नका. दारापाशी टेबलावर कोरे कागद आणि पेन ठेवले आहेत. ज्या ज्या घटनास्थळी तुम्ही होतात, त्या प्रत्येकाचं गाव लिहा, तारीख लिहा, खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहून सही करा; आणि साहेब गाडीत बसायच्या आत तो कागद त्यांच्या हातात द्या. उठा.