तोफेला लावलेलं कुंकू

माझं माहेर रत्नागिरीकडलं, खाडीकाठचं. आमच्याकडे घरटी एक माणूस बोटीवर असायचाच, तसा माझा आजा बोटीवर सुतार होता. आता मी इथं हॉलंडात, अ‍ॅमस्टेलव्हीनला डबे करते, नवरा झुइडासच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर, आणि मी सायकलच्या पेटीत डबे भरून घरोघर पोचवते, पावसात, वाऱ्यात, कसली लाज नाय मला, सुताराची नात आहे मी.

तर लेकीचं सांगत होते, सईचं. वर्गात प्रत्येकानं आपल्या घरातलं महायुद्धातलं माणूस सांगायचं होतं. ही घरी येऊन डचमध्ये रडते, आई, आपलं कुणीच नाही, मी उद्या आजारी पडते. मी मराठीत विचारायचं, तिनं डचमध्ये उत्तर द्यायचं, हे आमचं रोजचंच, पण त्या दिवशी माझं टाळकंच सटकलं. म्हटलं कुणीच कसं नाय गो, बस इथं.

काय सांगू तुम्हाला, आज्याची बोट उतारूंची, नाचायचा हॉल, झुंबरं, मडमांचा तोरा. लढाई लागली तशी सरकारनं ती घेतलीन, झुंबरं उतरवलीन, सगळी बोट राखाडी रंगवलीन, भोक पडलं तरी तरंगावी म्हणून खोल्यांतनं रिकामी पिंपं भरलीन, आणि डेकावर तोफा. नटलेल्या नवरीच्या कमरेला कोयती खोचावी तशी, आजा म्हणायचा. तोफेखालचं लाकूडकाम आज्याच्या हातचं. मंग आली खंडेनवमी. आज्यानं करवत, रंधा मांडून हत्यारांची पूजा केलीन, आणि तोफ तेवढी कशी सोडायची, म्हणून तिलाही हळदकुंकू फासलंन, चांगलं ठसठशीत. आता बोट राखाडी केलेली कशाला, तर दुश्मनाला दिसू नये म्हणून! बोटीवरचा गोरा साहेब तापला, पुसा म्हणे हे. आजा हलला नाय. म्हणाला, साहेब, हिच्याखालच्या फळ्या मी ठोकल्यात, पूजा केल्याशिवाय हत्यार चालवायचं नसतं आमच्यात. साहेबानं डोकं खाजवलंन, म्हणाला, मग खालच्या अंगाला लाव, दिसणार नाही तिथं. आणि बोट परत आली हो, आज्याला घेऊन आली.

सई म्हणते, पण तो सैनिक नव्हता ना. म्हटलं, बोट बुडाली असती तर पाण्यानं विचारलं असतं काय, तू सैनिक की सुतार?

दुसऱ्या दिवशी उभी राहिली वर्गात, सगळं सांगितलंन. बाईंनी आज्याचं नाव फळ्यावर लिहिलं म्हणे. मला काय वाटलं असेल, तुम्हीच बघा.

यंदा खंडेनवमीला मी सुरी, लाटणं, पोळपाट मांडले, तर ही खाली सायकलशी बसलेली, पेटीच्या खालच्या अंगाला कुंकू लावत. म्हटलं, तिथं कुणाला दिसणार गो? तर चक्क मराठीत म्हणाली, आई, तिथंच लावायचं असतं आपल्यात. औक्षवंत हो बाय, म्हटलं, आणि डबे घेऊन निघाले.