उडी क्रमांक सतरा हा बाक असल्याबाबत

जबाब देणाऱ्याचे नाव: दप्तरी लिहून घेतले आहे. गावात 'प्रयोगसर' म्हणतात.
वय: चौसष्ट वर्षे.
धंदा: सध्या काही नाही. पूर्वी शाळेत प्रयोगशाळा सहायक.
राहणार: पोस्टामागची गल्ली, शिवणकामाच्या बंद दुकानाच्या वरचा मजला.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. आज रविवारी दुपारी मला सायकल पार्कच्या ट्रॅक्टरमधून, बाकावर बसलेल्या स्थितीत, या ठाण्यात आणण्यात आले. तो बाक सध्या ठाण्याच्या आवारात नळाशेजारी ठेवला आहे. सायकल पार्कचे व्यवस्थापक यांचे म्हणणे असे की, तो बाक नसून उडी क्रमांक सतरा आहे, पार्कच्या मालकीची आहे आणि मी ती अडवून बसलो होतो. माझे म्हणणे असे की, तो बाक आहे आणि मी त्यावर बसलो होतो. पंचनाम्यात त्याला काय म्हणायचे ती जागा साहेबांनी माझा जबाब होईपर्यंत कोरी ठेवली आहे. उडी लिहिले तर तो पार्कच्या गोदामात जाईल. बाक लिहिले तर जिथे होता तिथे परत जाईल. म्हणून मी सविस्तर सांगत आहे.

गावामागच्या डोंगरावर जंगल आहे. त्यातून सायकलींसाठी वाटा काढल्या आहेत. लोक आपली सायकल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून वर जातात आणि दगड, झाडांची मुळे व मातीचे उंचवटे यांवरून उड्या मारत खाली येतात. खाली आल्यावर पुन्हा वर जातात. यामागचा हेतू मला माहीत नाही. हे वाक्य लिहिण्याची गरज नाही असे लिहून घेणारे हवालदार म्हणाले. मी म्हणालो, राहू द्या.

माझी पत्नी खालच्या दुकानात शिवणकाम करायची. रविवारी आम्ही पायवाटेने डोंगरावर फिरायला जायचो. अर्ध्यात, जिथे पायवाट आणि सायकलींची वाट जवळ येतात, तिथे ती थांबायची. "अहो, तुम्ही या वर जाऊन. मी आहे इथेच," असे म्हणायची आणि पिशवी अंथरून त्यावर बसायची. मी वर जात नसे. तिथून दरी दिसते, आणि सायकलवाले ज्या वळणावर हमखास पडतात ते वळणही दिसते. पडणाऱ्याकडे ती गिऱ्हाईक म्हणून पाहायची. "हा गुडघ्यात फाटणार. तो बघा, तो मागून. मागून फाटलेले लाजतात हो, लगेच येत नाहीत." तिचा अंदाज चुकत नसे. एका सायकलवाल्याला तिने 'बटाटा' असे नाव ठेवले होते, कारण तो पडल्यावर थांबायचा नाही, गडगडत जायचा. तो अंदाजे तीस वर्षांचा असून बँकेत नोकरीला आहे. आता त्याची आईही त्याला बटाटाच म्हणते असे तो सांगतो.

पत्नी मागील वर्षी वारली. त्याबाबत मला काही सांगायचे नाही.

त्यानंतर मी वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन त्या जागी एक बाक बसवला. शाळेने मोडीत काढलेल्या प्रयोगशाळेच्या टेबलाची फळी त्यास वापरली आहे. फळीवर आम्लाचे डाग आहेत, परंतु ते कपड्यांना लागत नाहीत. पाठीवर काय कोरू, असे सुताराने विचारले. नाव, साल, एखादी चांगली ओळ. मी 'बसा' एवढेच कोरायला सांगितले. तो म्हणाला, "अहो, ते तर बाक बघितला की कळतंच." मी म्हणालो, दुकानात आलेल्या प्रत्येकाला ती आधी हेच म्हणायची. मग त्याने कोरले.

बाकाच्या मागे मातीचा बांध आहे. त्याची उंची बाकाच्या पाठीएवढी आहे. बाकाच्या पुढे उतार आहे. बसवताना यात काही धोका असेल असे मला वाटले नाही.

एका दुपारी मी बाकावर बसलो असताना माझ्या डोक्यावरून एक सायकल गेली. मी वर पाहिले तेव्हा तिची खालची बाजू दिसली. सायकल पुढच्या उतारावर टेकली, थोडी गेली आणि आडवी झाली. स्वार गडगडत गेला, त्यावरून तो बटाटा असल्याचे मी ओळखले. तो लंगडत वर आला.

"काका! तुम्ही होता होय? दिसलाच नाहीत!"

"मग उडी कशावरून मारलीस?"

"बाकावरून. बाक दिसला होता."

"बाकावर माणूस असू शकतो."

"हो, ते आता लक्षात आलं."

त्याने माफी मागितली. परंतु खाली जाऊन त्याने ही गोष्ट इतरांना सांगितली असावी, कारण पुढच्या रविवारी पाच-सहा जण माझ्या डोक्यावरून गेले. मी पार्कच्या कार्यालयात तक्रार केली. व्यवस्थापक हे साधारण चाळिशीचे असून त्यांच्या हातात कायम वॉकीटॉकी असतो. ते म्हणाले, "सर, तक्रार कसली करताय? अख्ख्या पार्कमध्ये सगळ्यांना हीच उडी आवडते."

"ती उडी नाही."

"मग काय आहे?"

"बाक."

"तुमच्या दृष्टीनं, सर."

पुढे पार्कची वार्षिक सुरक्षा तपासणी झाली. तपासनीस नवे होते. ते वाटेवरचे प्रत्येक लाकडी बांधकाम हलवून बघत, त्यावर उभे राहत आणि पत्र्याचा क्रमांक ठोकत. माझ्या बाकापाशी आले तेव्हा मी त्यावर बसलेलो होतो. "जरा उठता का, काका?" असे म्हणाल्यावरून मी उठलो. त्यांनी बाक हलवला, त्यावर उभे राहून दोनदा उड्या मारल्या, सतरा क्रमांक ठोकला आणि म्हणाले, "एकदम मजबूत आहे." मला बरे वाटले. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

क्रमांक मिळाल्यामुळे तो बाक नियमाप्रमाणे उडी झाला आणि उडीवर बसण्यास मनाई आहे. पार्कच्या माणसांनी 'बसा' या शब्दाच्या खाली 'बसू नये' अशी पाटी लावली. मी एकदा गेलो तेव्हा एक जोडपे त्यासमोर उभे होते. दोघे बराच वेळ वाचत होते. शेवटी बाई बसल्या आणि त्यांचे यजमान उभे राहिले.

मी बसत राहिलो. त्यावरून कधी भांडण झाले नाही. सायकलवाले वरून येताना "काका, डोकं!" असे ओरडायचे आणि मी मान खाली घालायचो. मी डाव्या टोकाला बसतो. "मधोमध बसलात तर आम्हाला अंदाज नीट येईल," असे एक-दोघांनी सुचवले. मी नाही म्हणालो. कारण विचारल्यावर, सवय आहे असे सांगितले. तेव्हापासून ते उजव्या टोकावरून जातात. तिथे कोणी नसते.

कोण गेले ते मला बुटांच्या तळव्यांवरून कळू लागले. खालून इतरही काही दिसते. एकदा बटाटा वरून जात असताना मी त्याला ओरडून सांगितले की, मागची शिवण उसवली आहे. तो उतार संपवून परत आला.

"ती मावशींनीच घातली होती. दोनदा. आता..." एवढे बोलून त्याने हेल्मेट काढले आणि पुन्हा घातले. म्हणाला, "मी तीच पँट घालतो, काका."

मी म्हणालो, "वारा लागेल."



आज स्पर्धा होती. मला त्याची कल्पना नव्हती. मी नेहमीप्रमाणे जाऊन बसलो. झाडांना पट्ट्या बांधल्या होत्या आणि बरेच लोक उभे होते, परंतु बाक मोकळा होता. व्यवस्थापक धापा टाकत वर आले.

"सर, उठा."

"का?"

"स्पर्धा आहे."

"मी स्पर्धेत नाही."

"म्हणूनच उठा!"

लाउडस्पीकरवर सांगण्यात आले की, उडी सतरावर एक काका आहेत, स्पर्धा थोडी थांबेल. काही वेळाने सांगण्यात आले की, काका अजून आहेत. बटाटा स्पर्धेत होता. तो सायकल वर ठेवून पायी खाली आला आणि म्हणाला, "साहेब, काका असले तर असू दे की. आम्ही एरवी जातोच त्यांच्यावरून."

"उडीवर माणूस बसलेला चालत नाही," व्यवस्थापक म्हणाले.

"बाकावर चालतो," मी म्हणालो.

"सर, ते पुन्हा सुरू करू नका. हात जोडतो."

त्यांनी खरोखर हात जोडले. मग त्यांनी मला पर्याय दिला. बाक खाली पार्किंगमध्ये नेऊ, सावलीत ठेवू, भोवती फुलझाडे लावू, मावशींचा मोठा फोटो लावू. मी विचारले, तिथून काय दिसते? ते म्हणाले, "गाड्या दिसतात, सर." मी म्हणालो, पार्किंगमध्ये कोणी पडत नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना ते समजले नसावे. मी समजावून सांगितले नाही.

त्यावर ते वॉकीटॉकीवर म्हणाले, "उडीच काढा. उडी नाही तर भानगड नाही." चार माणसे पाने घेऊन आली व त्यांनी बाकाचे बोल्ट सोडवले. मला उठा असे त्यांच्यापैकी कोणी म्हणाले नाही. गडबडीत विसरले असतील. त्यांनी बाक उचलला तेव्हा मी त्यावर होतो. एक जण म्हणाला, "काका, तेवढे पाय वर घ्या." मी पाय वर घेतले. या कामी मी केलेले सहकार्य एवढेच.

बाक ट्रॉलीत ठेवण्यात आला. तोंड मागच्या बाजूला होते. गाडीरस्ता प्रेक्षकांच्या मोटारींनी भरलेला असल्यामुळे ट्रॅक्टर स्पर्धेच्याच वाटेने हळूहळू खाली आला. दोन्ही बाजूंच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाउडस्पीकरवर 'पुढचे स्पर्धक' असे काहीतरी सांगण्यात आले. त्यास मी उत्तर दिले नाही. एका लहान मुलीने हात हलवला. तिला मी हात हलवला. ज्या वळणावर सगळे पडतात तिथे ट्रॉली कलंडू लागली, तेव्हा मी उजव्या टोकाला हात लावून धरला. कोणी पडले नाही.

खाली आल्यावर ट्रॅक्टरवाल्याने विचारले, "कुठे उतरवू?"

"जिथे होता तिथे."

"ते सोडून सांगा, सर. माझी नोकरी जाईल."

म्हणून मी या ठाण्याचे नाव सांगितले. मला कोणी जबरदस्तीने आणले नाही. व्यवस्थापक मागून मोटारसायकलवर आले.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. सायकलवाल्यांनी बाकावरून उड्या माराव्यात, त्यास माझी हरकत नाही. पत्नीचीही नसती. तिला गिऱ्हाईक लांबून दिसायचे, आता अगदी डोक्यावरून गेले असते, एवढेच. हवे तर बसतेवेळी मी हेल्मेट घालीन. सतरा क्रमांकाचा पत्रा राहिला तरी चालेल. बाक मात्र त्याच जागी, दरीकडे तोंड करून परत बसवावा आणि पंचनाम्यात त्यास बाक म्हणावे, एवढी विनंती आहे.

उडीवर कोणी बसत नाही, हा व्यवस्थापकांचा मुख्य मुद्दा आहे. त्याबाबत सांगतो की, मी हा जबाब देत असताना ते बाहेर आवारात वाट पाहत होते. आधी ते फेऱ्या मारत होते. नंतर थकून बाकाच्या उजव्या टोकाला बसले. तिथे बसू नका, असे सांगायला मी उठलो होतो, परंतु त्यांनी बूट सैल केले होते आणि डोळे मिटले होते, म्हणून राहू दिले. थोड्या वेळाने हवालदारांनी खिडकीतून हाक मारली, "अहो पार्कवाले, कुठे गेलात?"

ते डोळे न उघडता म्हणाले, "इथेच आहे. बाकावर बसलोय."

हे त्यांच्या तोंडचे शब्द असून हवालदारांनी स्वतः ऐकले आहेत. त्यानंतर हवालदारांनी आत जाऊन पंचनाम्यातील कोरी जागा भरून घेतली. काय भरले ते मी वाचले आहे.

येणेप्रमाणे माझा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे व खरा आहे. एका ठिकाणी पत्नीबद्दल जास्त लिहिले गेले होते, ते मी काढायला लावले. सही बाहेर बसून करतो, असे सांगून मी आवारात गेलो, परंतु तोवर ट्रॅक्टरवाला आणि स्पर्धा सोडून आलेला बटाटाही येऊन बसले होते. सही उभ्याने केली आहे, कारण बाकावर जागा नव्हती.