फाटलं म्हणजे फाटलं

...नाही नाही, बस गं, ती पिशवी माझीच आहे, सरकवते. आमचे हे? ते बघ तिथं, चष्मेवाल्या गृहस्थांना गाठलंय — 'बायकोला वेळेवर इथं दवाखान्यात आणलं म्हणून वाचली', हीच कथा चालू असणार. आणलं वेळेवर, खरंय — पण आणून काय केलं, ते विचार ना! मी पडदे शिवते. कापडाला कात्रीनं जराशी चीर दिली की पुढं हातानं टर्रकन फाडायचं — जन्म गेला त्या आवाजात. त्या दिवशी पडदा अडकवताना अगदी तसंच झालं — इथं, छातीत, आणि तिथून मागं, दोन खांद्यांच्या मधे. हळूहळू नाही गं, एकदम! डॉक्टरांना मी म्हणाले, 'फाटलं.' तर हे पुढं — 'म्हणजे दुखतंय थोडं. हिला राईचा पर्वत करायची सवयच आहे.' अन् हसले. डॉक्टरही हसले. कार्डिओग्राम चांगला आला, मग काय — गॅस! माझ्या दुखण्याला माझीच साक्ष चालेना, बोल!

मग वाचले कशी? आमचे हे गॅसचं औषध आणायला खाली गेले, म्हणून मी वाचले! हस, हस, मीही हसते. तेवढ्यात दुसऱ्या डॉक्टरबाई आल्या, म्हणाल्या, 'मावशी, तुम्हीच सांगा, कसं झालं?' म्हटलं, 'फाटलं.' त्या नाही हसल्या. दोन्ही मनगटं धरली — उजवीकडे नाडी छान, डावीकडे लागेचना. मग धावपळ, तो मोठा स्कॅन. हृदयातून निघते ना ती मुख्य रक्तवाहिनी, तिचं आतलं अस्तर फाटलेलं — अस्तर, बघ, शब्दसुद्धा माझ्याच धंद्यातला! आणखी थोडा उशीर, की खेळ खलास. छाती उघडून शिवली मला.

टाके भरले गं. ते हसणं नाही भरत. परका हसला असता तर सोडून दिलं असतं — पण ज्याचा हात धरून आत गेले, तोच हसला, तोही दुसऱ्याला टाळी दिल्यासारखा. आता चारचौघांत श्रेय घेतोय.

आज का? पाठीत पुन्हा... नाही, फाटत नाहीये. ओढतंय. सकाळपासून. घाबरू नकोस, म्हणून तर आलेय. यांना? यांना कुठलं सांगते — हा शब्द मी घरून जपून आणलाय. यांच्या हाती दिला असता तर दारापर्यंत येईतो त्याचंही 'थोडं' झालं असतं.

माझं नाव पुकारलं का? आले, आले — अहो, ती फाइल द्या इकडे. नाही, तुम्ही नाही यायचं. बसा. बसा म्हणते ना! पिशवी सांभाळा.