कोमट पाणी

दवाखान्याच्या बाकावर शिंपीणबाई नातीला मांडीवर घेऊन बाटलीनं पाणी पाजत होत्या. शेजारी एक बहीण तेलाच्या कंपनीतल्या धाकट्या भावाची फिरकी घेत होती.

“सगळे तुमच्या कंपनीला शिव्या घालतात, मी मात्र दुवा देते हो!”

“का गं ताई?”

“आमच्या विहिरीचं पाणी हल्ली कोमट येतं. आंघोळीला तापवायलाच नको.”

“चेष्टा करू नकोस.”

“तुझी शपथ! तेलासाठी तुम्ही जमिनीखालचा खडक तापवता ना, त्याचीच ऊब असणार.”

“ताई, ती ऊब तुमच्यापर्यंत यायलाच नको. त्या खडकाभोवतीची जमीन आम्ही गोठवून ठेवतो. बर्फाची भिंतच म्हण. आतलं तेल पाण्यात मिसळू नये म्हणून.”

“मग?”

“मध्ये गोठवायचं यंत्र बंद पडलं होतं. साहेब म्हणाले, एवढ्यानं काही होत नाही, उगाच गवगवा नको.”

“अरे, असा पांढराफटक काय पडलास?”

“पाण्याला वास येतो?”

“जरासा, रॉकेलसारखा. मला वाटलं, बादलीचा असेल.”

“आणि पिताही तेच?”

“दुसरं कुठलं पिणार?”

“आईच्या उलट्या कधीपासून सुरू झाल्या?”

“असं घाबरवू नकोस रे. डॉक्टर आत तपासतायत ना तिला.”

“विहीर कुठली? शाळेमागची?”

“तीच. अख्खी गल्ली तिच्यावरच आहे.”

शिंपीणबाईंनी नातीच्या तोंडातली बाटली ओढून काढली. पोर रडू लागली. बाटली अजून कोमट होती.