पुसता न येणारा फोटो

सन्माननीय अध्यक्ष वाल्मिकभाऊ, व्यासपीठावरचे पाहुणे, सत्कारमूर्ती ललितभाऊ आणि लिंबायतमधल्या माझ्या बंधू-भगिनींनो, या सुषमाचा सर्वांना नमस्कार. महिला मंडळातर्फे चार गौरवाचे शब्द बोलावेत, असं मला सांगण्यात आलं आहे. गौरव माझ्या आधी पुष्कळ झाला. मी घडलं ते सांगते.

ललितभाऊ जुन्या रोलच्या कॅमेऱ्याने फोटो काढतात. सध्या पुन्हा त्याची हवा आहे, तरुण मुलं हौसेने रोल घेतात. आत्ताच ते म्हणाले, "मोबाइलवर माणूस नुसता टिपत सुटतो. रोलमध्ये छत्तीसच फोटो, म्हणून विचार करूनच बटण दाबावं लागतं." तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

मग ललितभाऊ, धुरपदाबाईंचा फोटोही विचार करूनच काढलात ना?

धुरपदाबाई माझ्या शेजारीण. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा एकुलता एक मुलगा सुकदेव बमरोलीच्या एका कारखान्यात शॉक लागून गेला. शवागाराबाहेर त्या जमिनीवर बसल्या होत्या. पदराचं भान नव्हतं. मी त्यांना धरून होते. हे ललितभाऊ समोर येऊन गुडघ्यावर बसले. बाईंनी हात जोडले, "नको काढू रे भाऊ, मन्हा पोऱ्या गया." यांनी शांतपणे फोकस लावला आणि फोटो काढला. मी म्हटलं, "पुसून टाका."

"वहिनी, हा रोल आहे. पुसता येत नाही."

"मग रोल काढून उन्हात धरा."

"बाकीचे फोटो वाया जातील ना!"

अध्यक्ष महोदय, आटोपतं घेण्याची चिठ्ठी मिळाली. आटोपते, पण पूर्ण करून.

त्या फोटोला बक्षीस मिळालं. नाव ठेवलं 'आई'. त्या आईला कुणी विचारलं होतं? परवा चौकात या सत्काराचा बॅनर लागला, त्यावर तोच फोटो. रिक्षावाले थांबून बघत होते. धुरपदाबाई भाजीला निघाल्या होत्या. पिशवी तिथेच टाकून घरी आल्या आणि दार लावून बसल्या. तो बॅनर मी फाडला. आयोजकांनी दुसऱ्या कुणावर संशय घेऊ नये.

ललितभाऊ, हसू नका. तुम्हाला अजून ठाऊक नसलेलं सांगते. तुमच्या आई, सुंदराकाकू, पहिल्या रांगेत बसल्या आहेत. आज दुपारी त्या धुरपदाबाईंकडे आल्या. पदराआडून निगेटिव्हची पट्टी काढून म्हणाल्या, "बाई, पोरगा ऐकत नाही, म्हणून मीच उचलून आणली. तुमचं तुम्ही ठरवा." बाईंनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली, बराच वेळ पाहिली. मग माझ्याकडे कात्री मागितली. बारीक तुकडे केले. त्यानंतर दोघींनी चहा घेतला.

तेव्हा घरी जाऊन कपाट धुंडाळू नका. आणि आईंना एक शब्द बोलायचा नाही. बोलायचं असेल तर माझं दार उघडं आहे.

मला बोलू दिलंत, सर्वांची आभारी आहे. सत्काराच्या जागी जीभ कडू झाली, वडीलधाऱ्यांनी मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं. ललितभाऊंची मात्र मी माफी मागत नाही.